प्रयोग जपणारे संग्रहालय : वागळे इस्टेटमधल्या दोन गाळ्यांविषयी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, एकमेकांना लागून असलेल्या दोन गाळ्यांत, समकालीन कला आणि सादरीकरण यांचे एक छोटे खासगी संग्रहालय उभे करण्याचा विचार माझ्या परिचयातले एक कुटुंब करत आहे. त्यांनी माझे मत विचारले, तेव्हा थोडक्यात उत्तर देणे मला जमेना, कारण प्रश्न भिंतींच्या रंगाचा किंवा दिव्यांचा नव्हता. असे संग्रहालय नेमके काय जपणार आणि कोणाच्या भरवशावर जपणार, हा होता. बोलताना जे तुकड्यातुकड्यांनी सांगितले, ते इथे सलग मांडते आहे. मुंबईच्या पलीकडे, खाडीच्या दोन्ही अंगांना, अशा जागा काढण्याची इच्छा असलेले आणखीही लोक असतील आणि त्यांच्यापुढेही हेच प्रश्न येतील.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे एका संस्थेच्या कलासंग्रहाची नोंदवही सांभाळण्यात गेली. चित्र आले की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, मोजमाप घ्यायचे, कुठे तडा आहे, कुठे रंग उचलला आहे ते लिहायचे, आणि ते बाहेर गेले की परत येईपर्यंत त्याच्या मागावर राहायचे, असे ते काम. संध्याकाळी मात्र मी प्रायोगिक नाटकांच्या पडद्यामागे असे. या दोन कामांत एक विसंगती होती आणि ती मला सतत जाणवत राहिली. दिवसा ज्या काळजीने मी एका कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग नोंदवत होते, तिच्या शतांश काळजीनेही संध्याकाळच्या कामाची नोंद कोणी ठेवत नव्हते. नाटकाचे प्रयोग थांबले की नेपथ्य मोडून लाकूड दुसऱ्या नाटकाला जाई, कपडे परत जात, आणि वही कोणाच्या तरी घरी माळ्यावर पडे.

ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे, त्यांचा त्या गाळ्यांत सुट्या भागांचा कारखाना होता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिथले कितीतरी छोटे कारखाने पुढच्या काळात बंद झाले किंवा शहराबाहेर गेले. त्यांच्या जागी कार्यालये आणि निवासी मनोरे आले. या कुटुंबाने गाळे विकले नाहीत. वडिलांनी हळूहळू जमवलेली चित्रे आणि मुद्राचित्रे आहेत, मुलगी नृत्य शिकलेली आहे आणि गेली काही वर्षे नृत्य व दृश्यकला यांच्या सीमेवरचे काम करते. तिनेच मला विचारले, "मावशी, चित्रं भिंतीवर लावली की झालं, पण नाच कुठे ठेवायचा?" तिचे वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "ताई, मशीन बंद ठेवलं की गंजतं, एवढं मला कळतं. तुमच्या प्रयोगाचं काय होतं, ते सांगा." त्या दोघांच्या प्रश्नांचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी ठाण्याविषयी थोडे. या शहराला नाटकाची उणीव कधीच नव्हती. मासुंदा तलावाच्या काठावर १९७८ पासून राम गणेश गडकरी रंगायतन उभे आहे, घोडबंदरच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झाले, आणि १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय वाचनाची गरज भागवत आले आहे. समकालीन दृश्यकलेसाठी मात्र ठाणेकराला आजही गाडी पकडून फोर्टला किंवा काळा घोड्याला जावे लागते. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात अनेक वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले आणि त्याच काळात त्यांनी या भागातली वस्ती, रस्ते, कामगार आणि अर्धवट बांधकामे यांची मोठी चित्रे रंगवली. २०१९ साली त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. त्यात गैर काही नाही, ती जागा त्या कामाच्या तोलामोलाचीच आहे. पण ज्या शहराकडे पाहून ती चित्रे झाली, त्या शहरात ती मांडावीत अशी तापमान आणि प्रकाश सांभाळणारी एक साधी खोलीही असू नये, ही गोष्ट मला लागते. पटवर्धनांनीच २००८-०९ च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' हे भारतीय समकालीन कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले होते. मूळ चित्रे नागपूर, अमरावती, सोलापूर, कोल्हापूर अशा शहरांपर्यंत नेता येतात आणि लोक ती पाहायला येतात, हे त्यांनी करून दाखवले. फिरते प्रदर्शन पुढच्या गावी जाते. मागे राहणारी जागा उभी करणे हे त्यानंतरचे काम आहे.

आता दृश्यकला आणि सादरीकरण एकाच छताखाली का, हा प्रश्न उरतो. मुंबईला हे नवे नाही. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरिअल इन्स्टिट्यूटमध्ये पन्नास-साठच्या दशकांत वासुदेव गायतोंडे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करत होते, त्याच वास्तूत इब्राहिम अल्काझींची थिएटर युनिट ही नाट्यसंस्था होती आणि रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळाही होती. चित्रकार तालमी पाहत, नट चित्रे पाहत. पुढे १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जे केले, ते तर मराठी माणसाला सांगायला नको. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी शाळेचा तो साधा हॉल प्रायोगिक रंगभूमीसाठी चालता ठेवला, आणि व्यावसायिक नाट्यगृहात ज्यांना तारीख मिळाली नसती, अशी कितीतरी नाटके तिथे उभी राहिली. योगायोगाने त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत अलाना हाइस यांनी एक बंद पडलेली शाळा ताब्यात घेतली आणि १९७६ साली 'रूम्स' नावाच्या प्रदर्शनाने ती उघडली. कलावंतांनी वर्ग, जिने, तळघर, जिथे जागा मिळाली तिथे काम केले. ती पी. एस. वन ही संस्था पुढे तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाशी जोडली गेली. छबिलदासचा हॉल मात्र दिवसा शाळेचाच राहिला, आणि आविष्कारला पुढे माहीमच्या महापालिका शाळेत जावे लागले. एका ठिकाणी इमारत कलेची झाली आणि दुसऱ्या ठिकाणी कला कायम पाहुणी राहिली, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. छबिलदासमधल्या प्रयोगांचे आज काय हाती आहे, हे शोधू लागले की त्या पाहुणेपणाची किंमत कळते. काही छायाचित्रे आहेत, काही परीक्षणे आहेत, छापलेल्या संहिता आहेत, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांच्या आठवणी आहेत, ज्या माणसांबरोबर कमी होत चालल्या आहेत.

संहिता म्हणजे प्रयोग नव्हे, हे पडद्यामागे उभे राहिलेल्या कोणालाही माहीत असते. प्रयोगाची सर्वांत खरी नोंद रंगमंच व्यवस्थापकाच्या वहीत असते. कोणत्या शब्दावर दिवा मंदावायचा, कोण कुठल्या विंगेतून कोणत्या पायावर येणार, कुठे थांबायचे आणि किती थांबायचे, कुठला संवाद तालमीत गळला, पुण्याच्या प्रयोगात जागा लहान होती म्हणून कोणती हालचाल बदलली, हे सगळे त्या वहीत पेन्सिलीने, बाणांनी, खाडाखोडीने लिहिलेले असते. नाटक बंद पडले की वही रद्दीत जाते, कारण ती कोणाच्या मालकीची असे कोणी मानतच नाही. या संग्रहालयाने आपला पहिला संग्रह या वह्यांचा करावा, असे मी त्या कुटुंबाला सांगितले. ठाणे, डोंबिवली, मुलुंड, वाशी या पट्ट्यात पडद्यामागे काम केलेली अनेक माणसे राहतात; त्यांच्या कपाटांत, पलंगाखालच्या पेट्यांत या वह्या अजून असतील. त्या विकत घेण्याला चित्रांइतके पैसे लागणार नाहीत, पण घरोघर जाऊन बसावे लागेल, आणि वही देणाऱ्या माणसाकडून तिच्यातल्या खुणांचा अर्थ समजून घ्यावा लागेल. तो अर्थ सांगणारे माणूस गेल्यावर त्या बाणांचा कोणालाच उपयोग नाही.

नाटकाला निदान वही असते. परफॉर्मन्स आर्ट ज्याला म्हणतात, म्हणजे कलावंताची कृती हीच ज्यात कलाकृती असते, त्या कामाला बहुधा तीही नसते, आणि संग्रहालयांची खरी परीक्षा इथे होते. मोठ्या संग्रहालयांनीही ही परीक्षा उशिराच दिली. लंडनच्या टेट या संग्रहालयाने रोमान ओंडाक या स्लोव्हाक कलावंताचे एक काम २००५ साली संग्रहात घेतले. ते त्या संग्रहातले पहिले सादरीकरण. त्यात काही माणसे एक रांग लावून उभी राहतात, आणि रांग कशासाठी आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. टेटने काय विकत घेतले, तर अशी रांग पुन्हा उभी करण्याचा अधिकार आणि ती कशी उभी करायची याच्या सूचना. ठाणे स्टेशनबाहेर सॅटीस पुलाखाली रिक्षाच्या रांगेत जो रोज उभा राहतो, त्याला हे काम समजावून सांगावे लागणार नाही. रांगेत आपण काय पाहतो, कोणावर विश्वास ठेवतो, समोर काहीच नसताना किती वेळ थांबतो, हे त्याला अंगाने ठाऊक आहे. टिनो सेगल हे कलावंत तर याहून पुढे गेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे 'किस' हे काम २००८ साली घेतले, तेव्हा कागदावर काहीच लिहिले गेले नाही. नोटरीच्या उपस्थितीत तोंडी व्यवहार झाला. लेखी सूचना नाहीत आणि छायाचित्र काढायला परवानगी नाही. ते काम कसे करायचे हे शिकलेल्या माणसांनी ते लक्षात ठेवायचे आणि पुढच्यांना शिकवायचे.

परदेशी कलाविश्वात या गोष्टीचा मोठा गाजावाजा झाला. आपल्याकडे ज्याने गुरूसमोर बसून बंदिश घेतली आहे, त्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संवादांची लेखी संहिता नसते. कथानक ठरते, आणि राजा, ऋषी, संकासुर आपापले बोलणे उभ्याने रचतात, तरीही तो दशावतारच राहतो आणि पाहणाऱ्याला चुकलेले लगेच कळते. कीर्तनकाराचा पूर्वरंग आणि उत्तररंग कसा बांधायचा, हेही ऐकून आणि करूनच पुढे गेले. म्हणजे माणसात जपण्याची पद्धत आपल्याजवळ आधीपासून आहे. तिच्यात संग्रहालयाची शिस्त मात्र नाही: कोणी कोणाकडून घेतले, कधी घेतले, काय बदलले आणि बदलायला कोणाची परवानगी होती, याची नोंद. या दोन्हींना एकत्र आणणे मोठ्या संग्रहालयाला जड जाते, कारण त्याचे गोदाम, विमा, हिशोब सगळे वस्तूंभोवती रचलेले असते. छोट्या संग्रहालयाला ते जमू शकते, आणि त्याने ते केले नाही, तर चित्रांची आणखी एक खासगी भिंत एवढेच त्याचे स्वरूप राहील, असे मला ठामपणे वाटते.

नोंद नसल्याने काय हरवते, याचे उदाहरण दूर जाऊन शोधावे लागत नाही. रुम्माना हुसेन या कलावंत स्त्रीने १९९५ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हे सादरीकरण केले. पायात घुंगरू, हातात अर्धी कापलेली पपई, आणि आवाज न फुटता उघडे राहिलेले तोंड. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दंगलींनी त्यांचे काम मुळापासून बदलले होते आणि त्या बदलाचे हे शरीराने दिलेले रूप होते. १९९९ साली, पन्नाशीही गाठण्याआधी, त्या गेल्या. आज आपण ते काम चित्रफितीवरून आणि छायाचित्रांवरून ओळखतो. ते दुसऱ्या कोणी पुन्हा करावे का, हा वेगळाच प्रश्न आहे आणि माझ्या मते करू नये. काही कामे त्या एका शरीराचीच असतात. पण हा निर्णय कलावंताने स्वतः लिहून किंवा सांगून ठेवलेला असावा, आणि तो तसा विचारून घेणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहे. निखिल चोप्रा या कलावंताच्या कामात अडचण निराळी आहे. ते योग राज चित्रकार यासारखी पात्रे धारण करून दिवसच्या दिवस एका जागी राहतात, कपडे बदलतात, जेवतात, झोपतात आणि कोळशाने प्रचंड निसर्गचित्रे काढतात. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांनी असे सलग नऊ दिवस केले. शेवटी चित्र उरते. संग्रहालयात ते चित्र नुसते टांगले, तर ते देखणे निसर्गचित्र म्हणून पाहिले जाईल. त्याच्याबरोबर ते कपडे, ती जागा, त्या दिवसांचा क्रम आणि पाहणाऱ्यांचे म्हणणे जपले, तरच ते जे होते ते राहील.

म्हणून मी एका नोंदपत्राचा मसुदा करून दिला. चित्राच्या नोंदपत्रात माध्यम आणि मोजमाप असते. प्रयोगाच्या नोंदपत्रात सर्वांत वर, हे काम आज कोणाला येते, हे असेल. त्या माणसाचे नाव, त्याने ते कोणाकडून घेतले, आणि त्याच्यानंतर कोण शिकत आहे. त्याखाली कलावंताने दिलेल्या सूचना, त्या ज्या स्वरूपात दिल्या त्याच स्वरूपात. काय बदलले तर चालेल आणि काय बदलले तर ते काम राहणार नाही. कोणत्या वस्तू मूळच्याच हव्यात आणि कोणत्या बाजारातून नव्या आणता येतील. प्रत्येक सादरीकरणानंतर पाहणाऱ्यांपैकी दोघातिघांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे, आणि त्यात एक तरी माणूस कलाक्षेत्राबाहेरचा असायचा. चित्रफीत घ्यायची, पण ती या सगळ्यानंतर. चित्रफीत असली की बाकी काही लिहायची गरज नाही, असा समज लगेच होतो, आणि फिती तर झपाट्याने निरुपयोगी होतात. यू-मॅटिक ही जुनी व्हिडिओ फीत वाजवणारे यंत्र आज शोधावे लागते, नंतरच्या मिनी डीव्ही फितीचेही तेच होत आहे, हार्ड डिस्क न सांगता जाते. दर काही वर्षांनी सगळे नव्या माध्यमावर उतरवणे आणि निदान एक प्रत दुसऱ्या वास्तूत ठेवणे याला पर्याय नाही.

आता वास्तू. चित्रे आणि माणसे एकाच खोलीत सुखाने राहत नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. प्रकाश लक्समध्ये मोजतात; कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या आसपास प्रकाश पुरे, तैलचित्राला १५० ते २०० लक्स. रंगमंचावरचा एक साधा स्पॉट याच्या कितीतरी पट उजेड टाकतो. पावसाळ्यात ठाण्याची सापेक्ष आर्द्रता दिवसच्या दिवस ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, आणि ६५-७० टक्क्यांच्या वर कागदावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. कसर आणि वाळवी तर आहेतच. त्यात शांत बसलेले एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडते. साठ प्रेक्षक म्हणजे सहा हजार वॉट. पडद्यामागच्या माणसाला कळेल असे सांगायचे तर एक किलोवॉटचे सहा पार कॅन, म्हणजे रंगमंचावरचे मोठे दिवे, बंद खोलीत सतत चालू. शिवाय ती माणसे पावसात भिजून येणार. यावर माझा सल्ला असा की संग्रह एका गाळ्यात आणि प्रयोग दुसऱ्या गाळ्यात ठेवावा, मध्ये दोन दारांची छोटी मोकळी जागा सोडावी, आणि संग्रहाच्या गाळ्यातला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारे यंत्र, जून ते ऑक्टोबर रात्रीही बंद करू नये. वीजबिलाच्या धास्तीने संध्याकाळी यंत्रे बंद करून सकाळी सुरू करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रोज चढणारी आणि उतरणारी आर्द्रता स्थिर राहणाऱ्या आर्द्रतेपेक्षा कागदाला आणि कॅनव्हासला जास्त ताण देते.

प्रयोगाच्या गाळ्यात कारखान्याने मागे ठेवलेल्या काही गोष्टी उपयोगाच्या आहेत. छतालगतचा क्रेनचा लोखंडी गर्डर दिवे टांगायला उत्तम आहे, मात्र त्याच्या भारक्षमतेचा दाखला अभियंत्याकडून घ्यायला हवा. काँक्रीटच्या जमिनीवर नाचणाऱ्याचे गुडघे जातात, म्हणून लाकडी चौकटीवर उचललेली, किंचित दबणारी जमीन घालावी लागेल, आणि हा खर्च टाळू नये. रोलिंग शटर हे एकच दार पुरत नाही. बाहेरच्या बाजूला उघडणारे दुसरे दार आधी, आणि मग बाकीची सजावट.

परवानग्यांचा भाग थोडक्यात आटोपते, कारण तो वकिलांचा विषय आहे. औद्योगिक गाळ्याचा वापर बदलायचा तर महामंडळाची संमती लागते, अग्निशमन दलाचा दाखला लागतो. नाटकाच्या जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी संहिता पाठवावी लागते. ज्या कामाला संहिताच नाही, त्याचे काय करायचे, हे आधी विचारून, लेखी उत्तर घेऊन ठेवलेले चांगले. तिकीट घेणाऱ्या साठ लोकांसमोर हा प्रश्न उभा राहता कामा नये.

ज्या गोष्टीवर आमचे सर्वांत जास्त बोलणे झाले, ती म्हणजे खासगीपणा. आपल्याकडे खासगी संग्रहालयाचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर, जे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दारे, वाद्ये, रोजच्या घरातल्या वस्तू. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी ते संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केले. एका माणसाच्या वेडातून जमलेली गोष्ट त्याच्या हयातीतच सर्वांची झाली. दुसरे उदाहरण टोकियोचे. तोशिओ हारा यांनी १९७९ साली आपल्या कुटुंबाच्या १९३८ सालच्या घरात हारा समकालीन कला संग्रहालय उघडले. घरातल्या लहान लहान खोल्यांत कलावंतांनी कायमची कामे केली. एका खोलीला झां-पिएर रेनो यांनी आतून पूर्ण पांढऱ्या फरशा लावल्या होत्या. समकालीन कलेसाठी एक घर पुरते, हे त्या जागेने जगाला दाखवले. इमारत जुनी झाली म्हणून जानेवारी २०२१ मध्ये ते बंद झाले आणि काम गुन्मा प्रांतातल्या त्यांच्या दुसऱ्या वास्तूत एकवटले. चाळीस वर्षे ही छोटी गोष्ट नव्हे, आणि दुसरी वास्तू होती म्हणून संग्रह टिकला. वागळे इस्टेटच्या या कुटुंबाकडे दुसरी वास्तू नाही, हे लक्षात ठेवून करार करायचा आहे.

आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत संग्रहालय ही नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी, समाजाच्या सेवेतली संस्था म्हटली आहे, आणि ती जपत असलेल्या वारशात मूर्त आणि अमूर्त दोन्ही धरले आहेत. यातला 'कायमस्वरूपी' हा भाग खासगी मालकाला सर्वांत कठीण जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास नोंदवला, तर त्याची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. चित्रे जंगम असल्याने त्यांना ही भिंत आपोआप मिळत नाही; ती न्यासपत्रात घालावी लागते. म्हणून मी आग्रह धरला की कुटुंबाने गाळे आणि संग्रह दोन्ही न्यासाला द्यावेत, विश्वस्तांत कुटुंबाबाहेरच्यांचे बहुमत असावे, त्यात एक काम करणारा कलावंत आणि एक पडद्यामागचा माणूस असावा, संग्रहातले काम विकून चालू खर्च भागवता येणार नाही असे कलम असावे, आणि संस्था बंद करावी लागली तर संग्रह कोणत्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल हे आजच, त्या संस्थेच्या संमतीने, ठरवावे. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या भिंतीवरचं चित्रही माझं राहणार नाही." मी हो म्हटले. ज्याला संग्रह आपल्याजवळच ठेवायचा आहे, त्याने घरी सुरेख दालन करावे आणि मित्रांना बोलवावे. त्यात काहीच वावगे नाही. पण दारावर संग्रहालय अशी पाटी लावली की लोक आपल्या वह्या, आपली कामे, आपल्या आठवणी तिथे विश्वासाने आणून ठेवतात, आणि त्या विश्वासाला कागदाचा आधार हवा.

पैशाविषयी माझे एकच मत आहे आणि ते मी सोडणार नाही. सादर करणाऱ्याला मानधन द्यायचे, आणि तेही तालमीसकट. 'तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे' या वाक्यावर आपल्याकडे फार काळ कला चालवली गेली. वर्षाला बारा कार्यक्रम परवडत नसतील, तर चार करावेत. संग्रहात घेतलेले काम दर काही वर्षांनी पुन्हा करण्याचा खर्च ते घेतानाच बाजूला काढून ठेवावा, कारण चित्र गोदामात पडून राहिले तरी चित्र राहते, सादरीकरण मात्र केले नाही तर ते ज्याला येते त्याच्या अंगातून निघून जाते. वडिलांच्या यंत्राविषयीच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर होते.

पाहणारे कोण असतील, याबाबत मुलीचा अंदाज माझ्यापेक्षा आशादायी आहे, आणि तो मला पटत चालला आहे. वागळे इस्टेटमध्ये दिवसा हजारो लोक कामाला येतात, शेजारी किसननगरची दाट वस्ती आहे, आणि तिथल्या मुलांना गणपतीच्या मंडपात देखावे उभारण्याचा, दिवे आणि आवाज जुळवण्याचा असा अनुभव आहे की कलाशाळेतल्या विद्यार्थ्याने तो मागून घ्यावा. या मुलांना प्रेक्षक म्हणून बोलावण्याआधी कामाला बोलवावे, दिव्यांवर आणि ध्वनीवर, पगार देऊन. फलकांचा मजकूर मुळात मराठीत लिहिला जावा आणि तो लिहिणाऱ्याला चित्रकाराइतकेच श्रेय मिळावे. उघडण्याच्या वेळेवर मात्र आमचे अजून एकमत नाही. सकाळी अकरा ते सहा ही नेहमीची वेळ ठेवली, तर नोकरी करणारा ठाणेकर फक्त रविवारी येऊ शकेल. दुपारी तीन ते रात्री नऊ, सोमवारी बंद, आणि शनिवारी सादरीकरण झाल्यावर शेवटच्या बसपर्यंत दार उघडे, असा माझा प्रस्ताव आहे. रात्रीच्या सुरक्षारक्षकाचा खर्च त्यामुळे वाढतो आणि तो न्यासाच्या पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कुठे बसवायचा, यावर पुढच्या बैठकीत बोलायचे आहे. वह्या गोळा करण्याचे काम त्यासाठी थांबवायचे नाही, एवढे ठरले आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या आहेत, त्यांनी त्या सध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नयेत, त्यात दमट हवा कोंडते. सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवाव्यात, आणि पानापानावरच्या खुणांचा अर्थ आठवतो आहे तोवर वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवावा.